क्वेकर पूर्वज शोधताना: आधी सभा शोधा, माणूस नंतर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. सुनेचं माहेर पेनसिल्व्हेनियातलं, घराणं मूळचं क्वेकर, म्हणजे त्या नावाच्या ख्रिस्ती पंथातलं. तुमच्या कुलवृत्तांताची नवी आवृत्ती निघते आहे आणि त्यात नातवंडांच्या आजोळची शाखाही नीट यावी अशी तुमची इच्छा आहे. विहीणबाईंकडे सह्यांनी भरलेलं एक जुनं चर्मपत्र आहे. त्यावरच्या तारखेत महिन्याचं नाव नाही, नुसता आकडा आहे. एका पूर्वजाच्या नावापुढे कुणीतरी ‘डिसओन्ड’ असं लिहून ठेवलंय, त्यामुळे ‘याला घराबाहेर काढलं होतं का’ ही शंका तुम्हाला सतावते आहे. आणि चर्चच्या दप्तरात बाप्तिस्म्याची नोंद कुठेच मिळत नाही.

फिलाडेल्फियाच्या आसपासच्या क्वेकर सभांची, म्हणजे त्यांच्या स्थानिक मंडळांची, दप्तरं मी वीसेक वर्षं वाचतो आहे, त्या अनुभवावरून लिहितो.

बाप्तिस्म्यापासून सुरुवात करू, कारण तिथे तुमचा वेळ वाया जातोय. ती नोंद मिळणार नाही, कारण ती कधी झालीच नाही. क्वेकर पाण्याचा बाप्तिस्मा मानत नाहीत. जॉर्ज फॉक्स हा लेस्टरशायरचा, १६२४ सालचा जन्म. माणसाला देवापाशी जायला मधे पुरोहित लागत नाही, प्रत्येकाच्या आत प्रकाश आहे, हे त्याचं सांगणं. १६५० साली डार्बीच्या न्यायाधीशापुढे त्याला उभं केलं, तेव्हा ‘देवाच्या शब्दापुढे थरथरा’ असं तो न्यायाधीशालाच म्हणाला. त्यावरून न्यायाधीशाने ‘क्वेकर’ म्हणजे थरथरणारे असं हिणवलं आणि तेच नाव चिकटलं. ही मंडळी स्वतःला ‘फ्रेंड्स’ म्हणवतात. १६५२ साली इंग्लंडच्या उत्तरेकडे फर्बँक फेल नावाच्या डोंगरावर फॉक्स हजारभर लोकांपुढे बोलला, स्वार्थमूर हॉलमध्ये मार्गारेट फेलने त्याला आसरा दिला, आणि तिथून ही चळवळ पसरली. उपासना म्हणजे सगळ्यांनी मिळून शांत बसायचं. कुणाला आतून बोलावंसं वाटलं तर त्याने उठून बोलायचं, मग तो पुरुष असो की बाई.

आता व्यवहाराचा प्रश्न बघा. इंग्लंडमध्ये १५३८ पासून जन्म-मरणाची, खरं तर बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची नोंद गावच्या चर्चचा पाद्री ठेवायचा. पाद्रीच नको म्हटल्यावर वारसाहक्क सिद्ध कसा करायचा? लग्न पाद्र्याने लावलेलं नाही, तर मुलं औरस कशावरून? यातून क्वेकरांच्या नोंदी जन्माला आल्या. १६५६ साली यॉर्कशायरमधल्या बाल्बी या गावी जमलेल्या वडीलधाऱ्यांनी सगळ्या सभांना जे पत्र पाठवलं, त्यात इतर उपदेशाबरोबर प्रत्येक सभेने आपल्या मुलांच्या जन्माची आणि मृतांच्या दफनाची नोंद ठेवावी, असंही सांगितलेलं आहे. म्हणजे फर्बँक फेलनंतर अवघ्या चार वर्षांत. १६६१ साली नॉटिंगहॅमच्या कोर्टात क्वेकर पद्धतीच्या लग्नाचा प्रश्न वारसाहक्काच्या खटल्यातून उभा राहिला आणि ज्यूरीने ते लग्न ग्राह्य धरलं. त्यानंतर लग्नाचा कागद काटेकोर करण्याकडे या लोकांनी जे लक्ष दिलं, त्याचा फायदा आज आपल्याला होतो.

नोंदी कुठे शोधायच्या हे कळायला मात्र सभांची रचना कळली पाहिजे. तुरुंगातून सुटल्यावर १६६७-६८ मध्ये फॉक्स परगण्यांमागून परगणे फिरला आणि त्याने मासिक सभा बसवून दिल्या. जवळपासच्या चारदोन उपासना-सभा मिळून एक मासिक सभा, काही मासिक सभांवर त्रैमासिक सभा, आणि सगळ्यांवर वार्षिक सभा. उपासनेलाही ‘मीटिंग’ म्हणतात आणि कारभारालाही, त्यामुळे नवख्याचा गोंधळ होतो. आपल्याला हवी ती कारभाराची मासिक सभा. सभासदत्व तिथे, लग्नाची परवानगी तिथे, गरिबाला मदत तिथे, तक्रारही तिथे. ‘अमुक गावचा क्वेकर’ एवढी माहिती पुरत नाही. तो कुठल्या मासिक सभेचा, हे कळलं की अर्धं काम झालं. आपल्याकडे त्र्यंबकेश्वरी गेल्यावर आधी आपल्या घराण्याचे उपाध्ये कोण हे विचारतो, कारण वही त्यांच्याकडे असते. तसंच हे.

आणखी एक. सभा वाढली की तिच्यातून नवी सभा फुटून निघते, पण जुनी दप्तरं मूळ सभेकडेच राहतात. पेनसिल्व्हेनियातली एक्सेटर मासिक सभा १७३७ साली ग्विनेडच्या सभेतून निघाली. एक्सेटर भागातल्या घराण्याची त्याआधीची नोंद हवी असेल तर ग्विनेडकडेच जावं लागतं. जागा बदललेली नसते, दप्तर बदललेलं असतं. ‘नोंदच नाही’ म्हणून लोक सोडून देतात त्यातले निम्मे शोध माझ्या मते इथे अडलेले असतात.

आता तारीख. यात मी स्वतः सुरुवातीला एका घराण्याच्या तीन पिढ्या दोन-दोन महिन्यांनी चुकवल्या होत्या, म्हणून सावकाश सांगतो.

महिन्यांची आणि वारांची नावं रोमन किंवा जर्मन देवांवरून पडलेली, म्हणून क्वेकरांनी ती टाकली. रविवार म्हणजे ‘पहिला दिवस’, आणि महिने नुसते क्रमांकाने. पण १७५२ पूर्वी इंग्लंडात आणि तिच्या वसाहतींत कायद्याने वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं आणि पहिला महिना म्हणजे मार्च. मराठी माणसाला हे लक्षात ठेवणं सोपं आहे, आपलंही वर्ष पाडव्याला त्याच सुमारास उलटतं. आणि महिन्यांच्या नावातच उत्तर आहे: सप्टेंबरमध्ये सप्त, ऑक्टोबरमध्ये अष्ट, नोव्हेंबरमध्ये नव, डिसेंबरमध्ये दश. लॅटिन आणि संस्कृत एकाच कुळातल्या, म्हणून आकडे सारखे वाजतात. तेव्हा १७५२ च्या आधीच्या कागदावर ‘सातवा महिना’ दिसला तर तो सप्टेंबर, जुलै नव्हे. अकरावा जानेवारी, बारावा फेब्रुवारी.

खुद्द फॉक्सच्या मृत्यूची तारीख घ्या. त्यांच्या गणनेने ती १६९० सालच्या अकराव्या महिन्याची १३ तारीख. आजच्या सवयीने वाचली तर १३ नोव्हेंबर १६९०. खरी तारीख १३ जानेवारी, आणि वर्ष आपल्या हिशेबाने १६९१. महिना तर चुकतोच, वर्षही चुकतं. म्हणूनच जानेवारी ते २४ मार्च या काळातल्या तारखांना पुष्कळदा ‘१६९०/९१’ अशी दोन वर्षं तिरपी रेघ मारून लिहिलेली आढळतात. ती लेखनिकाची खाडाखोड समजू नका.

१७५२ साली कायदा बदलला. वर्ष १ जानेवारीला सुरू होऊ लागलं आणि त्या वर्षी २ सप्टेंबरनंतर एकदम १४ सप्टेंबर आला. तेव्हापासून क्वेकरांचाही पहिला महिना जानेवारी झाला. म्हणजे १७५० सालचा ‘सातवा महिना’ सप्टेंबर आणि १७६० सालचा ‘सातवा महिना’ जुलै. त्या गळलेल्या ११ दिवसांमुळे डॅनियल बून या क्वेकर घरातल्या प्रसिद्ध अमेरिकन वाटाड्याचा जन्म जुन्या गणनेने २२ ऑक्टोबर १७३४, तर नव्या गणनेने २ नोव्हेंबर असा दोन प्रकारे लिहिलेला सापडतो. दोन्ही बरोबर. माझा नियम असा: एका रकान्यात कागदावर आहे तशीच तारीख, अक्षरही न बदलता, आणि शेजारच्या रकान्यात आपला अर्थ. शके आणि इसवीचा मेळ घालताना कुलवृत्तांतवाले हेच करतात.

लग्नाकडे येतो, कारण तुमच्याकडचं चर्मपत्र हे बहुधा लग्नाचं प्रमाणपत्र आहे.

क्वेकर लग्न एका दिवसात होत नसे. मुलगा-मुलगी मासिक सभेपुढे येऊन ‘आमचा लग्नाचा मानस आहे’ असं सांगायची. सभा दोन पुरुषांना मुलाची आणि बायकांची सभा दोन बायकांना मुलीची चौकशी करायला नेमायची: दुसरीकडे कुठे वचन दिलेलं नाही ना, आईवडिलांची संमती आहे ना, विधवा असेल तर आधीच्या मुलांच्या वाट्याची सोय झाली आहे ना. पुढच्या महिन्यात जोडपं पुन्हा उभं राहायचं, हरकत नसल्याचं कळायचं आणि परवानगी मिळायची. मग कुठल्यातरी उपासनेच्या दिवशी दोघांनी उठून, हात हातात घेऊन, एकमेकांना वचन द्यायचं. लावून देणारा कुणी नाही. तिसऱ्या महिन्याच्या इतिवृत्तात दोघे नेमलेले सभासद ‘लग्न रीतसर पार पडलं’ असं सांगायचे.

म्हणजे एका लग्नाच्या तीन महिन्यांत तीन नोंदी, आणि पुरुषांचं व बायकांचं इतिवृत्त वेगळं म्हणून त्या दुप्पट. नोंदवहीचं पान उंदराने खाल्लं असलं तरी लग्न कुठल्या चार आठवड्यांत झालं हे इतिवृत्तावरून ठरवता येतं. बायकांच्या सभेची दप्तरं मात्र लोक उघडतच नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं. मुलीच्या आईचं नाव, विधवेच्या पहिल्या नवऱ्याचं नाव, कुणाच्या बाळंतपणात कुणाला मदत धाडली, हे सगळं तिथे सापडतं.

प्रमाणपत्रात आधी नवऱ्याचं नाव, गाव, बहुतेक वेळा धंदा, आईवडिलांची नावं. बापाच्या नावाआधी ‘कैलासवासी’ अर्थाचा शब्द आहे का ते बघा, त्यावरून मृत्यूची एक सीमा मिळते. मग मुलीची तीच माहिती, मग दोघांनी उच्चारलेली वचनं, मग त्यांच्या सह्या, मुलीची सही नव्या आडनावाने. आणि खाली हजर असलेल्या सगळ्यांच्या सह्या. इंग्लंडमध्ये १७५३ च्या विवाह कायद्याने बाकी सगळ्यांना चर्च ऑफ इंग्लंडमध्येच लग्न लावण्याची सक्ती केली, तरी क्वेकरांना आणि ज्यूंना सूट मिळाली. त्यामुळे त्यांची ही पद्धत अखंड चालू राहिली.

‘डिसओन्ड’ या शब्दाने तुम्ही अस्वस्थ झालात, ते साहजिक आहे. आपल्या मनात लगेच ‘वाळीत टाकलं’ येतं. पण ते तसं नाही. वाळीत टाकलेल्याचं पाणी तुटायचं, रोटीबेटी तुटायची. इथे सभा फक्त एवढं म्हणायची की हा आता आमचा सभासद नाही, कारभारात त्याचा शब्द नाही. उपासनेला येऊन तो बसू शके, घरच्यांशी संबंध राहत. बरेच जण आयुष्यभर येत राहिले आणि सभेच्या दफनभूमीतच विसावले. सगळ्यात मोठं कारण म्हणजे क्वेकर नसलेल्या माणसाशी किंवा पाद्र्यापुढे लग्न. बाकी सैन्यात जाणं, दिवाळं काढणं, दारू. फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेने १७७६ साली ठरवल्यानंतर गुलाम न सोडणाऱ्यालाही काढून टाकत. त्या काळातली गुलामांच्या मुक्ततेची पत्रं या सभांच्या दप्तरांत जपलेली आहेत. ज्यांच्या पूर्वजांना एरवी कुणी नावानिशी नोंदवलंच नाही, अशा काळ्या कुटुंबांना तिथे पूर्वजाचं नाव मिळतं.

बून घराण्याचंच उदाहरण पुढे नेतो, कारण त्यात सगळं दिसतं. डॅनियलचा आजोबा जॉर्ज बून इंग्लंडातल्या डेव्हनमधून १७१७ साली आला, तिथल्या सभेचा दाखला घेऊन, आणि तो दाखला ग्विनेडच्या सभेपुढे ठेवला. डॅनियलचा बाप स्क्वायर बून याने १७२० साली सारा मॉर्गनशी सभेत लग्न केलं. पुढे त्यांच्या थोरल्या मुलीने बाहेर लग्न केलं, तेव्हा आईबापांनी सभेपुढे चूक कबूल केली. १७४७ साली इझ्रायल या मुलानेही तेच केलं. या वेळी स्क्वायर बून मुलाच्या बाजूने उभा राहिला, चूक मानायला तयार होईना. १७४८ साली सभेने त्याला काढलं. साराचं सभासदत्व राहिलं. १७५० साली कुटुंब नॉर्थ कॅरोलायनाकडे निघालं. बापाच्या स्वभावाबद्दल एवढं सांगणारी नोंद पाद्र्याच्या वहीत मिळाली नसती. म्हणून मी सांगतो, तो शेरा कुलवृत्तांतातून लपवू नका. सभेला आपल्या माणसाचं काही खटकलं की ती महिनोन्‌महिने लिहीत राहायची: कोण समजावायला गेलं, तो काय म्हणाला, पुन्हा कोण गेलं. ज्याचं कुणाशी बिनसलं नाही, तो बिचारा जन्म-लग्न-मृत्यू या तीन ओळींतच संपतो.

यात एक खाचखळगा आहे. काढून टाकलेला माणूस पश्चात्तापाचं पत्र देऊन परत येऊ शके, कधी वीस वर्षांनीही. इतिवृत्तात त्या पत्राची तारीख असते, लग्नाची नसते. वंशावळीत मी हे अगणित वेळा पाहिलंय: ‘बाहेर लग्न केल्याबद्दल दिलगिरी’ या नोंदीची तारीख लग्नाची म्हणून छापलेली, आणि मग थोरली दोन मुलं लग्नाआधीची ठरतात. हकनाक बदनामी.

जॉर्ज बूनने आणला तसा दाखला प्रत्येक स्थलांतराला लागे. सभासद दुसरीकडे राहायला निघाला की जुन्या सभेकडून नव्या सभेच्या नावे पत्र: हा आमचा, वागणूक नीट, देणी फेडलेली, लग्नाचं वचन कुठे दिलेलं नाही. सोबत बायको आणि अज्ञान मुलांची नावं. जाताना एका दप्तरात नोंद, पोचल्यावर दुसऱ्यात. पेनसिल्व्हेनियातून नॉर्थ कॅरोलायनातल्या केन क्रीक आणि न्यू गार्डनकडे, आणि १८०० नंतर गुलामगिरीचा प्रदेश सोडून ओहायो-इंडियानाकडे गेलेली कुटुंबं या दाखल्यांवरून पिढ्यान्‌पिढ्या माग काढत जाता येतात.

हे सगळं सोपं करून ठेवलं ते विल्यम वेड हिनशॉ या माणसाने. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात गाणारा गायक, उतारवयात त्याने अमेरिकेतल्या क्वेकर सभांची दप्तरं उतरवून घ्यायचं काम हाती घेतलं. १९३६ पासून १९५० पर्यंत सहा खंड निघाले. शेवटचा निघाला तेव्हा तो हयात नव्हता. त्यातली आद्याक्षरं शिकून घ्या: ‘एम ओ यू’ म्हणजे सभेबाहेर लग्न, ‘डिस’ म्हणजे काढलं, ‘आर ओ सी एफ’ म्हणजे अमुक सभेकडून दाखला आला, ‘जी सी टी’ म्हणजे अमुक सभेकडे दाखला दिला, ‘कॉन’ म्हणजे स्वतःच्या कृत्याबद्दल दिलगिरी. पण हिनशॉवर थांबू नका. पेनसिल्व्हेनिया-न्यूजर्सीच्या त्याच्या खंडात सेलम, बर्लिंग्टन, फिलाडेल्फिया आणि फॉल्स या चारच सभा आहेत. ग्विनेड नाही, एक्सेटर नाही. मूळ दप्तरं मुख्यतः स्वार्थमोर आणि हॅव्हरफर्ड या दोन कॉलेजांच्या ग्रंथालयांत आहेत, दक्षिणेकडची नॉर्थ कॅरोलायनात गिलफर्ड कॉलेजात. पुष्कळशी आता ‘ॲन्सेस्ट्री’ या वंशावळीच्या संकेतस्थळावर पानांच्या फोटोंसह दिसतात. तिथली शोधसूची सातव्या महिन्याचा जुलै करते, तेव्हा पानच वाचा.

१८२७ नंतरचा शोध असेल तर आणखी एक विचारा: हिक्साइट आणि ऑर्थोडॉक्स या दोन गटांपैकी कुठला? त्या वर्षी फिलाडेल्फियाची वार्षिक सभा दुभंगली, खालच्या सभाही दुभंगल्या, एकाच नावाच्या दोन-दोन मासिक सभा आणि दोन-दोन दप्तरं झाली. दोघांनी एकमेकांच्या माणसांना काढलं. १८२८ च्या सुमाराला अख्खं कुटुंब एका झटक्यात ‘डिसओन्ड’ दिसलं तर त्यात त्यांचा काही अपराध नव्हता, ते फक्त दुसऱ्या गटात गेले होते. दोन्ही गट एकत्र आले ते थेट १९५५ साली.

समुद्रापलीकडे इंग्लंडात जायचं झालं तर १८३७ ला सरकारी नोंदणी सुरू झाल्यावर क्वेकरांनी जुन्या वह्या सरकारजमा केल्या. त्या आता लंडनजवळ क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये ‘आर जी ६’ या क्रमांकाखाली आहेत. देण्याआधी त्यांनी सगळ्याचा वर्णानुक्रमे गोषवारा करून घेतला. त्याची एक प्रत लंडनच्या फ्रेंड्स हाउसच्या ग्रंथालयात आहे. चर्चचा दशमांश कर नाकारला म्हणून कुणाची गाय नेली, कुणाची कथलाची भांडी नेली, किती पौंड-शिलिंगची, हेही त्यांनी छळाच्या वह्यांत वेगळं लिहून ठेवलंय. कबरी मात्र शोधू नका. १७१७ साली लंडनच्या वार्षिक सभेने कबरींवर दगड नकोत असं सांगितलं आणि साध्या दगडाला परवानगी मिळाली ती १८५० मध्ये.

जाता जाता. हे लोक आपल्याला अगदी परके नाहीत. सेवाग्रामला नई तालीमच्या शिक्षकांना घडवणाऱ्या मार्जरी साइक्स क्वेकर होत्या. होशंगाबादला इंग्लिश क्वेकरांचं काम एकोणिसाव्या शतकात सुरू झालं, तेव्हा तो जिल्हा नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांतात होता.

आता तुमचं चर्मपत्र. ते घडी उलगडून सरळ करायला जाऊ नका, जुन्या घडीवर फाटेल. जसं आहे तसं, खिडकीजवळच्या उजेडात, बाजूने प्रकाश पडेल असं ठेवून फोटो काढा. फिकी शाई तिरक्या उजेडात उठून दिसते. मागच्या बाजूचाही फोटो काढा, तिथे ‘अमुक वहीत, अमुक पानावर उतरवलं’ असा लेखनिकाचा शेरा पुष्कळदा असतो आणि त्यात सभेचं नाव मिळतं. मग सह्या. त्या सुट्या सुट्या उतरवू नका, रकान्यांच्या क्रमाने, वरून खाली उतरवा. नवरा-नवरीच्या सह्यांखालचा, बहुतेक वेळा उजव्या हाताचा रकाना जवळच्या नातेवाइकांचा. आधी आईवडील, मग भावंडं, मग काका-मामा. तिथे एखादं अनोळखी आडनाव असेल तर ती बहुधा लग्न झालेली बहीण किंवा मावशी, आणि तिच्या नवऱ्याची सही शेजारीच सापडेल. तो रकाना आणि मागचा शेरा पाठवा, सभा कुठली ते मी सांगतो.